मजुरांच्या अंगावरचे कपडे

४ जानेवारी

टाचणीस,

तुझं चौदा पानी पुस्तक पोचलं. वरच्या पानावर 'पुलाच्या उद्घाटनाचा देखावा : पुरुषांच्या कपड्यांविषयी नियम' असं छापलंय, खाली तुझ्या संग्रहालयाचं नाव आणि तुझी सही. माझ्या शिलाईच्या टेबलाखाली बसून टाचण्या गोळा करणारी पोर आता मला नियम पाठवते. पाठव. मामा आहे, ऐकून घेतो. फोनवर बोलायची सोय माझ्या कानांनी ठेवलेली नाही, म्हणून हे लिहितोय. नाहीतर तोंडावरच सुनावलं असतं.

पॅंटला चेन लावायची नाही, बटणंच हवीत. कबूल. तेव्हा चेन नव्हती हे मलाही कळतं. पट्ट्याची घरं नकोत, खांद्यावरून येणारे गॅलिस हवेत, पॅंट पार बेंबीच्या वर. तेही कबूल. पण काजं हाताने करायची? एका कोटाला सात, जाकिटाला सहा, पॅंटला दहा. बारा प्रतिष्ठित माणसांचे कपडे आहेत. गुणाकार तूच कर. प्लास्टिकची बटणं चालणार नाहीत, हाडाची, शिंगाची नाहीतर पितळी. कॉलर वेगळी, सदऱ्याला बटणाने अडकवायची. चाळीस वर्षं या गावातल्या निम्म्या माणसांच्या अंगावर माझी शिलाई आहे आणि कुणाची बगल कधी उसवली नाही. तू उंटावरून शेळ्या हाकतेस आणि इथे सुई माझ्या बोटात शिरते.

तरीही करीन. पुलाला दीडशे वर्षं एकदाच होतात.

माझा राग वेगळाच आहे. देखाव्यात माणसं चाळीस. त्यात बारा साहेबलोक आणि अठ्ठावीस मजूर. साहेबांसाठी तुझी चौदा पानं, मजुरांसाठी एक ओळसुद्धा नाही. समितीचे अध्यक्ष, म्हणजे आपले फर्निचरवाले, मुख्य इंजिनिअर होणार आहेत. त्यांनी मजुरांचं चित्र माझ्या हातात ठेवलं. पांढरा शुभ्र सदरा, चकचकीत काळी पॅंट, गळ्यात लाल रुमाल. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस एकसारखे. मी म्हटलं, हे पूल बांधायला निघालेत की बँड वाजवायला? ते म्हणाले, संग्रहालयाची हरकत नाही.

तुझी हरकत नाही का? कळव.

मामा

---

२५ जानेवारी

प्रिय मामा,

आधी माफी मागते. काजं हाताने करायचा नियम मी लिहिला तेव्हा तुझी बोटं माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. लांब शिवणी मशीनवर चालतील. पूल खुला झाला तोवर चांगल्या शिंप्यांकडे मशीन आलं होतं. काजं मात्र हाताचीच ठेव. चार हातांवर कुणी उभं राहिलं तरी मशीनचं काज ओळखू येतं, आणि तुझं काज कसं असतं ते मी टेबलाखालून पाहिलंय.

समितीने कसलं चित्र दिलंय ते मला ठाऊक नाही. मजुरांचं पान मी लिहिलं नाही याचं कारण सांगते. आमच्याकडे त्या काळातले सदतीस कोट आहेत, जाकिटं बावन्न. मजुराचा एकही कपडा नाही. लोक जपून ठेवतात तो लग्नातला कोट. रोजचा सदरा फाटला की त्याचं ठिगळ होतं, ठिगळ विरलं की पोतेरं, आणि पोतेरं चुलीत. जे उरलंच नाही त्यावर काय लिहिणार, असं मी स्वतःला समजावत आले.

पण तुझं पत्र वाचून गप्प बसवेना. आमच्या इमारतीच्या तळघरात जुन्या नोंदींची खोली आहे. आठ दिवस तिथे बसले. पुलाच्या कागदांत एक ताव सापडला. पूल खुला व्हायच्या चार महिने आधी परांची कोसळून माणसं नदीत पडली होती. अकरा प्रेतं काढली. नातेवाइकांना ओळख पटावी म्हणून कारकुनाने प्रत्येकाच्या अंगावरचे कपडे कागदावर लिहून घेतले होते. यादीत कपड्यांशिवाय दुसरं काही नाही. सगळी नक्कल सोबत आहे, त्यातलं थोडं इथेच लिहिते.

'एक. सदरा बिनकॉलरचा, दोन्ही कोपरांवर गोणपाटाची ठिगळं. विजार, कमरेला दोरी.
चार. विजार, डावा पाय तपकिरी कापडाचा, उजवा करड्या.
पाच. उजव्या पायात बूट. डावा मिळाला नाही.
सात. जाकीट लोकरी, काजं उजव्या बाजूस, बटणं पाच, एक हाडाचं, बाकी लाकडी.
आठ. सदरा पोत्याचा, पाठीवर चुन्याच्या भट्टीचा शिक्का.
दहा. गॅलिसचा एकच पट्टा, दुसऱ्याच्या जागी सुतळी.
अकरा. फक्त विजार.'

मामा, या काळाबद्दल मी पंधरा वर्षं वाचतेय. हा अपघात मला माहीत नव्हता.

मामीला नमस्कार.

तुझी
टाचणी

---

६ फेब्रुवारी

टाचणीस,

तुझी यादी तीनदा वाचली. तिसऱ्यांदा मामीला वाचून दाखवली.

सात नंबरकडे तुझं लक्ष गेलं नाही. काजं उजव्या बाजूला. पुरुषाची काजं डावीकडे असतात, हे तुझ्याच पुस्तकात सहाव्या पानावर आहे. ते जाकीट बाईचं होतं, टाचणी. खांदे उसवून, बगलेत पट्टी घालून पुरुषाच्या अंगाला आणलेलं असणार. पूल एप्रिलात खुला झाला, चार महिने आधी म्हणजे ऐन थंडी. तिने स्वतःचं लोकरी जाकीट नवऱ्याला दिलं आणि स्वतः काय घातलं ते कुठल्याच कारकुनाने लिहून ठेवलं नाही. एवढं वाचायला संग्रहालय लागत नाही, शिंपी लागतो.

माझा जन्म या गावातला. रोज त्या पुलावरून जातो. पुलाच्या तोंडाशी दगडी पाटी आहे. तिच्यावर इंजिनिअरचं नाव, कंत्राटदाराचं नाव, फीत कापणाऱ्याचं नाव. अकरा माणसं मेली हे मला सत्तराव्या वर्षी कळावं?

यादी घेऊन समितीच्या बैठकीला गेलो. बैठक फर्निचरच्या दुकानातच असते, विकायच्या सोफ्यांवर बसून. मी म्हटलं, मजुरांचे खरे कपडे मिळालेत. अठ्ठावीस जमणार नसतील तर अकरा तरी या यादीबरहुकूम शिवू. कापड मी जुन्या बाजारातून आणतो, शिलाई घेणार नाही. अध्यक्षांनी यादी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, दोन ओळी वाचल्या आणि कागद मला परत दिला.

"मास्तर, लोक बायकापोरं घेऊन मजा बघायला येणार," ते म्हणाले. "त्यांना ठिगळं कशाला दाखवायची? ती तर घरीही असतात."

सोफ्यावरचे सगळे हसले. मी विचारलं, मग अस्सल देखावा असं पत्रिकेत छापलंय ते कशाच्या जोरावर? त्यावर ते म्हणाले, अस्सल म्हणजे रडकं नव्हे. आणि हे सगळं मनगटावर सोन्याचं घड्याळ बांधून. तेच घड्याळ बांधून ते दीडशे वर्षांपूर्वीचे इंजिनिअर होणार आहेत. मापं घेताना मी सांगितलं होतं, तेव्हाचं घड्याळ जाकिटाच्या खिशात असायचं. तर म्हणाले, बाहीखाली झाकून घेऊ.

मला शिंपी म्हणून कोण विचारतो? शिक्क्याला विचारतात. तुझ्या संग्रहालयाच्या कागदावर, शिक्क्यानिशी, एवढंच लिहून पाठव की मजुरांचे चित्रातले कपडे खोटे आहेत आणि यादीतले खरे. दोन ओळी पुरेत. पुढची बैठक वीस तारखेला आहे.

मामा

---

२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्राला उशीर झाला, कामं फार आहेत.

सात नंबरचं तू म्हणतोस ते बरोबर आहे. मी कोट उघडून पाहिले, खात्री केली. माझ्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

शिक्क्याच्या कागदाचं मात्र जरा सबुरीने घे. असा कागद वरच्यांच्या परवानगीशिवाय निघत नाही. आणि अध्यक्षांचंही अगदीच चूक म्हणता येत नाही. लहान गावचा कार्यक्रम आहे, हौसेने करतायत. मजुरांचे पांढरे सदरे निदान सुती असावेत एवढा आग्रह धरलास तरी पुष्कळ झालं. यादी आपण नंतर कधीतरी एखाद्या प्रदर्शनात लावू.

तब्येतीला जप. रागाने तुझं डोकं चढतं.

टाचणी

---

१ मार्च

काल गॅलिसचं माप घ्यायला फर्निचरच्या दुकानात गेलो होतो. गल्ल्यामागे भिंतीवर नवी चौकट लावली आहे. काच पुसून वाचलं. 'देखाव्यातील चाळीसही पुरुषांच्या कपड्यांची चित्रे तपासली असून ती त्या काळाशी सुसंगत आहेत.' खाली संग्रहालयाचा शिक्का. खाली तुझी सही. तारीख दहा डिसेंबर.

तुझं अक्षर मला दुसऱ्याने दाखवावं लागत नाही. पाटीवर गिरवायला मीच शिकवलंय.

कसलं चित्र दिलंय ते मला ठाऊक नाही, असं तू जानेवारीत लिहिलंस. ते पत्र माझ्या फडताळात आहे. लाल रुमाल पाहून सही केलीस आणि मला म्हणालीस ठाऊक नाही. मी त्या सोफ्यांवरच्या माणसांसमोर यादी घेऊन उभा होतो तेव्हा तुझी सही त्यांच्या खिशात होती. ते हसले ते ठिगळांना नाही, मला हसले. ज्याची भाची लिहून देते तोच मामा भांडायला आलाय, म्हणून हसले.

बारा साहेबांचे कपडे शिवून झालेत, ते दिले. अठ्ठावीस बँडवाल्यांचे मी शिवणार नाही, असं सांगून आलोय. ते कुठूनही आणोत.

उत्तराची घाई नाही.

---

९ मार्च

चि. टाचणी,

मी मामी. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, जमेल तसं वाच.

तुझ्या मामाने आठवडाभर तुझं नाव घेतलेलं नाही. जेवतो, दुकान उघडतो, बंद करतो. परवा जुन्या बाजारातून गोणपाट आणि जुनी कांबळी घेऊन आला. त्यातलं एक दगडावर घासत बसला होता, विरलेलं दिसावं म्हणून. मी विचारलं कुणासाठी, तर म्हणाला, ज्यांचं आहे त्यांच्यासाठी.

मी तुझी बाजू घेणार नाही आणि त्याचीही नाही. तो तापट आहे हे मला लग्नापासून माहीत आहे. पण या वेळी तो तापलेला नाही, दुखावलाय. त्यात फरक आहे. सही केलीस ती केलीस, माणूस पोटासाठी काय काय करतो. पण त्याच्याशी खोटं का बोललीस, ते एकदा त्याला सांग. मला नको सांगूस.

मामी

---

१४ मार्च

मामा,

तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

डिसेंबरात आमच्या साहेबांनी ती चित्रं माझ्या टेबलावर ठेवली. अध्यक्ष त्यांच्या ओळखीचे. साहेबलोकांची बारा चित्रं मी भिंग घेऊन तपासली. एका कोटाच्या कॉलरचा कट पंधरा वर्षं पुढचा होता, तो मी दुरुस्त करून घेतला. मग मजुरांचं चित्र आलं. मला पाहताक्षणी कळलं की हे खोटं आहे. आणि मनात आलं, मजुरांकडे कोण बघतंय. एवढंच मनात आलं, मामा. कुणी माझ्यावर जोर केला नव्हता. जोर केला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा लाज वाटली म्हणून खोटं बोलले. यादी शोधायला गेले तीही त्याच लाजेने. ती सापडली तेव्हाच सही मागे घ्यायला हवी होती. नाही घेतली. तुला डोकं शांत ठेव म्हणून सांगत बसले.

परवा सही मागे घेतली. समितीला पत्र पाठवलं आहे, त्याची प्रत सोबत. त्यात स्पष्ट लिहिलंय की मजुरांचं चित्र त्या काळाशी सुसंगत नाही, हे मला सही करतानाही माहीत होतं, आणि खऱ्या कपड्यांची नोंद उपलब्ध आहे. शिक्का मिळाला नाही. माझी सही आहे, तेवढीच.

साहेबांनी मला कपड्यांच्या विभागातून काढलं. सोमवारपासून तळघरात, नोंदींच्या खोलीत. तिथे खिडकी नाही आणि माणूसही नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. पंधरा वर्षं ज्या कोटांना हातमोजे घालून हात लावला ते आता दुसरं कुणी हाताळेल, याचं वाईट वाटतं. बाकी काही नाही.

मामीने कळवलं की तू शिवतो आहेस. चार नंबरच्या विजारीला पुढे झडप आणि दोन्ही बाजूंना बटणं असतील, मधोमध नाही. जुन्या विजारी जोडून केलेली दिसते आणि जुन्या तशाच असायच्या. आणि ठिगळाचा टाका फार नीट घालू नकोस. दिवसभर राबून आलेल्या बाईच्या हाताने घाल.

टाचणी

---

१९ एप्रिल

टाचणी,

महिनाभर लिहिलं नाही. आधी राग होता, मग वेळ नव्हता. ठिगळाचा टाका वाकडा घालायला मला चार दिवस लागले. हात ऐकेना. शेवटी मामीला बसवलं. ती म्हणाली, वाकडं शिवायला मला कुणी शिकवावं लागत नाही. सहा कपड्यांवर तिचा टाका आहे.

तुझं पत्र समितीला मिळालं. अध्यक्षांनी ते कुणाला दाखवलं नाही. चौकट मात्र भिंतीवरून उतरली. तिचा डाग तेवढा राहिलाय.

आता पंधरा तारखेचं, देखाव्याच्या दिवसाचं सांगतो. अकरा माणसं मीच जमवली. गवंडी आणि त्याचे दोन भाऊ, सलूनवाला, निवृत्त पोस्टमन, बसचे दोन ड्रायव्हर, शाळेतले चित्रकलेचे मास्तर, बेकरीवाला, एक भाजीवाला आणि अकरावा मी. प्रत्येकाला आधी यादी वाचून दाखवली आणि कुठला नंबर घालणार ते विचारलं. पाच नंबर कुणी घेईना, दगडी रस्त्यावर एका पायाने अनवाणी कोण चालणार. तो गवंड्याने घेतला. सात नंबर पोस्टमनने. अकरा नंबरला फक्त विजार. तो मी घेतला. मामी म्हणाली, या वयात उघड्या अंगाने गावात फिरणार का. मी म्हटलं, हो.

कार्यक्रमात आमचं नाव नव्हतं. पुलाच्या अलीकडच्या टोकाला, रस्त्याच्या कडेने, आम्ही एका रांगेत उभे राहिलो. बोलायचं नाही असं ठरलं होतं. बँड आला, मागून बारा साहेबलोक आले. कपडे सुंदर दिसत होते, ते माझेच आहेत. मग अठ्ठावीस लाल रुमाल, हात हलवत. अध्यक्ष आमच्यापाशी आले आणि थांबले. बाहीतून घड्याळ बाहेर आलेलं होतं.

"मास्तर, हा काय तमाशा?" ते हळूच म्हणाले.

मी म्हटलं, "तमाशा तुमच्या मागून येतोय. आम्ही पूल बांधताना मेलेले आहोत."

मी हळू बोललो नाही. मला हळू बोलता येत नाही, कानांमुळे. पन्नासेक माणसांनी ऐकलं. त्यांनी ते मागच्यांना सांगितलं. बँड पुढे निघून गेला, पण लोक आमच्यापाशीच थांबले. चित्रकलेच्या मास्तरांनी यादीच्या प्रती काढून आणल्या होत्या, त्या हातोहात गेल्या. लाल रुमालवाल्यांतल्या एका पोराने रुमाल सोडून खिशात घातला. त्याच्यामागे आणखी काही जणांनी. सगळ्यांनी नाही.

आता तुला वाटेल मामा खूश असेल. नाही. काल वर्तमानपत्रात अध्यक्षांची मुलाखत आली. 'अस्सलतेच्या बाबतीत समितीने तडजोड केली नाही, मृत मजुरांनाही आम्ही देखाव्यात स्थान दिले.' खाली आमच्या अकरा जणांचा फोटो आणि मधोमध ते स्वतः. आज सकाळी त्यांचा माणूस दुकानात आला, अकरा जोड समितीच्या कपाटात ठेवायला मागत होता. त्याला मी दुकानाची पायरी चढू दिली नाही. ज्याने जो कपडा घातला तो त्याने घरी नेला आहे.

पण खरा संताप आणला तो दुसऱ्याच गोष्टीने. दुपारी एक बाई आल्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, नदीपलीकडच्या वस्तीवरून चालत आल्या होत्या. हातात यादीची प्रत. म्हणाल्या, माझ्या आजीचे आजोबा या पुलावर कामाला होते. एका हिवाळ्यात घरी आले नाहीत. घरात सगळे म्हणत आले की बायकोला टाकून पळाला. आमच्याकडे कुणी बाहेरख्याली निघाला की अजून त्याचंच उदाहरण देतात. दीडशे वर्षं, टाचणी. नदीत बुडालेल्या माणसाला घरच्यांनी दीडशे वर्षं पळपुटा म्हटलं.

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "यातला आमचा कोणता?"

मला सांगता आलं नाही. त्या कारकुनाने पाच बटणं मोजली. त्यातलं एक हाडाचं हे बघितलं. पोत्यावरचा शिक्का वाचला. बरोबर काम करणाऱ्या माणसांना, अरे हा कोण, एवढं विचारलं नाही. आणि ही यादी ओळख पटवण्यासाठी. कुठे लावली असेल? कचेरीच्या दारावर. वाचता येणारे किती असतील त्या बायकांत?

त्या बाईंनी पाणी घेतलं. जाताना म्हणाल्या, कळलं तर कळवा, घरी सांगावं लागेल.

म्हणून आता ऐक. तुला कपड्यांतून काढलं याचं मला वाईट वाटत होतं, आता वाटत नाही. तू बसतेस त्याच खोलीत पुलाचे कागद आहेत. एवढं बांधकाम हजेरीपटाशिवाय झालं नसणार. तो शोध. ज्यांची हजेरी त्या दिवसापर्यंत आहे आणि दुसऱ्या दिवसापासून नाही, ती नावं उतरव. काही पळालेलेही असतील, काही आजारी. ते गाळायचं कसं ते तुझं तू बघ, तुला तेवढं येतं. अकराच्या जागी पंधरा निघाली तरी चालतील, पण एकही सोडू नकोस.

साहेब विचारतील काय करतेस, तर सांग, मामाचं काम करतेय.

बाईंचा पत्ता मागे लिहिला आहे. मला नंतर कळवलंस तरी चालेल, आधी त्यांना लिही.

मामा